वाचकांचे प्रश्न : हप्ता आणि हंगाम

विद्यापीठीय संशोधनाच्या निधीविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. बहुतेकांनी नाव न छापण्याची विनंती केल्यामुळे सर्वांचीच नावे गाळली असून पत्रांतला मजकूर आवश्यक तेवढाच ठेवला आहे.

प्रश्न : सह्याद्रीच्या सड्यांवरील, म्हणजे कातळ-पठारांवरील, पावसाळी वनस्पतींवर आमच्या महाविद्यालयाला तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला. पहिला हप्ता सप्टेंबरअखेर मिळाला, तोवर फुलोरा ओसरत आला होता. आता जुलै उजाडला तरी दुसऱ्या वर्षाचा हप्ता नाही. प्रकल्प सहायक म्हणून नेमलेला मुलगा तीन महिने बिनपगारी थांबला आणि शेवटी एका बियाणे कंपनीत लागला. चूक कोणाची, आणि यापुढे आम्ही काय करावे? (वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका, सातारा जिल्हा)

उत्तर : कातळावर जेमतेम बोटभर माती, तिच्यात साचलेले पाणी, आणि त्या पाण्यात सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांची चार-सहा आठवड्यांची लगबग; पाऊस उघडून थोडे दिवस कडक ऊन पडले की सडा पिवळा पडू लागतो, आणि ज्या चौकटीतली रोपे मोजायची राहिली ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिलीच. हे आपण जाणताच. कोषागाराचे वर्ष मात्र एप्रिलला सुरू होऊन मार्चला संपते आणि त्याला पावसाळा ठाऊक नसतो. आपली अडचण मुळात एवढीच आहे. म्हणून दोषी व्यक्ती शोधण्यापेक्षा पैसा कसा वाहतो ते पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

पूर्वी अनुदान संस्थेच्या बँक खात्यात येऊन पडत असे आणि वर्षअखेरीस उरलेली रक्कम परवानगीने पुढे नेता येई. २०२२ पासून केंद्राच्या अनेक योजनांत ही रीत बदलली. आता खाते शून्य शिलकीचे असते. त्यात पैसा नसून खर्चाची मर्यादा असते, बिल मंजूर झाले की तेवढीच रक्कम वरून उतरते, आणि न वापरलेली मर्यादा ३१ मार्चला संपुष्टात येते. यामागचा अर्थखात्याचा युक्तिवाद मला चुकीचा वाटत नाही. सरकार स्वतः व्याजाने कर्ज काढत असताना देशभरातल्या हजारो खात्यांत पैसा निजून राहावा, हे कोणत्याही हिशेबनिसाला खुपणारच. पण या रचनेत एप्रिलपासून नवी मर्यादा येईपर्यंतचा जो खड्डा पडतो, तो कोणी भरायचा हे कुठेच ठरलेले नाही, आणि जे ठरलेले नसते ते सर्वांत खालच्या माणसाच्या अंगावर पडते. आपल्या प्रकल्पात तो माणूस म्हणजे हा सहायक. गेंदांच्या जातीजातींतला फरक ओळखण्यासाठी बियांवरची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते, आणि ती नजर तयार व्हायला एक अख्खा हंगाम जातो. तीन महिन्यांच्या पगारासाठी ती नजर आपण गमावली. मुलाने केले ते योग्यच केले.

पुढच्या हप्त्याची किल्ली म्हणजे खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला सगळे नुसते ‘यूसी’ म्हणतात. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला १२-ए हा नमुना त्यासाठीच आहे. मी एका विद्यापीठाच्या संशोधन कक्षात बरीच वर्षे काढली. तिथे एका प्रकल्पाची यूसी बँकेतील व्याजाचे ३१२ रुपये सरकारजमा दाखवले नाहीत म्हणून परत आली होती. ते रुपये भरायला दहा मिनिटे लागली. पण कागद पुन्हा लेखापरीक्षक, वित्त अधिकारी आणि कुलसचिव या तीन टेबलांवरून फिरून वर पोहोचेपर्यंत जून संपला. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगत आलो की हिशेब मार्चअखेर मांडायला घेऊ नये. फेब्रुवारीतच व्याजासह ताळा जुळवावा, लेखापरीक्षकाची वेळ आधी ठरवावी, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कागद रवाना करावेत, कारण मे महिन्यात सही करणारे अर्धे लोक रजेवर असतात.

यंदाचा फुलोरा मात्र आता दारात आहे. संस्थेच्या स्वतःच्या निधीतून वाहनखर्च आणि सहायकाच्या मानधनापुरती उचल मागावी, आणि हप्ता आल्यावर ती वळती करून घेता येईल का, हे निधी देणाऱ्या यंत्रणेकडून आधी लेखी विचारून घ्यावे. तोंडी होकारावर एक रुपयाही खर्चू नये. त्याच पत्रात वाढीव रक्कम न मागता एका हंगामाची मुदतवाढ मागावी. ‘निधी उशिरा मिळाला’ एवढेच न लिहिता, निधी कोणत्या तारखेला मिळाला आणि फुलोरा कोणत्या आठवड्यांत असतो, हे दोन ओळींत शेजारीशेजारी मांडावे. असे पत्र वाचणाऱ्याला नाही म्हणणे अवघड जाते. पुढचा प्रस्ताव लिहाल तेव्हा कामाचे वेळापत्रक ‘पहिली तिमाही, दुसरी तिमाही’ असे न देता महिन्यांच्या नावांनी द्या.

प्रश्न : मला नेट-जेआरएफ आहे. पाच महिने फेलोशिप जमा झालेली नाही. मार्गदर्शक म्हणतात, थकबाकी एकदम मिळेल. खोलीमालक मात्र ‘एकदम’ ऐकायला तयार नाहीत. घरी सांगायची सोय नाही, कारण नोकरी सोडून मी पीएच.डी.ला आले. (संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नेट परीक्षेतून मिळणारी ही ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. रक्कम वाईट नाही. पण दरमहाची म्हणून ठरलेली रक्कम वर्षातून दोनदा गठ्ठ्याने मिळाली, तर पगार आणि लॉटरी यांत फरक तो काय उरला? त्यातून या फेलोशिपबरोबर दुसरी पगारी नोकरी करता येत नाही. बाहेर कमवायचे नाही आणि आत वेळेवर मिळायचे नाही, या दोन अटी एकत्र लादणे मला तरी अन्यायाचे वाटते.

सर्वप्रथम कागद नेमका कुठे अडला आहे ते शोधा. बँकेच्या पोर्टलवर दरमहा तुमची हजेरी तुमच्याच विद्यापीठाने कळवायची असते. एक कर्मचारी माहिती भरतो आणि दुसरा ती तपासून मंजूर करतो. पोर्टलच्या भाषेत हे ‘मेकर’ आणि ‘चेकर’. यांतल्या एकाची बदली झाली आणि नव्या माणसाचे लॉगिन तयार झाले नाही, तर एका विभागातल्या सगळ्यांची फेलोशिप थांबते आणि सगळे दिल्लीला दोष देत बसतात. त्यामुळे आधी आपल्याच प्रशासकीय इमारतीत जाऊन, कोणत्या महिन्यापर्यंतची नोंद मंजूर झाली आहे, ते पडद्यावर पाहून या. तिथले सर्व महिने मंजूर असतील तरच प्रश्न वरचा आहे, आणि मग तक्रार एकटीने न करता त्याच अवस्थेतल्या सगळ्यांनी मिळून, महिन्यांच्या तक्त्यासह, कुलसचिवांमार्फत पाठवावी.

दुसरा नेहमीचा अडथळा दोन वर्षांनंतर येतो. ज्युनिअरची सिनिअर फेलोशिप आपोआप होत नाही; समिती बसून कामाचे मूल्यमापन करते आणि तिचा अहवाल वर जातो. बाहेरच्या तज्ज्ञाची तारीख मिळत नाही, या एका कारणासाठी चार-चार महिने गेलेले मी पाहिले आहेत. तुमची दोन वर्षे भरायला किमान तीन महिने असतानाच मार्गदर्शकांच्या मागे लागा.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवर असलेल्या अनेकांची पत्रे तुमच्यासारखीच आहेत. त्यांना पैशाच्या जोडीला जाहिरात केव्हा निघणार, जागा किती असणार, निवड कशी होणार, हेही दरवर्षी नव्याने कळते, आणि त्यासाठी आझाद मैदान गाठावे लागते. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘पीएच.डी. करून काय दिवे लावणार’ असा सवाल झाला होता. दिवे लावायचे तर तेल वेळेवर यावे लागते, असे तेव्हा कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

घरी सांगा. पाच महिन्यांनी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे, आणि नोकरी सोडण्याचा तुमचा निर्णय या उशिरामुळे चुकीचा ठरत नाही.

प्रश्न : संशोधन अनुदानावर जीएसटी भरावा लागतो का? आमचे लेखापरीक्षक दोन वेळा दोन उत्तरे देतात. (महाविद्यालयाचे कोषाध्यक्ष, सांगली)

उत्तर : ऑगस्ट २०२४ मध्ये आयआयटी दिल्लीसह काही नामवंत संस्थांना अशा कराच्या नोटिसा गेल्या होत्या, त्यावर ओरड झाल्यानंतर ९ सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत अनुदानाला सूट देण्याचा निर्णय झाला. कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे व संशोधन केंद्रे, तसेच प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित संस्था यांना ती लागू आहे. आपले महाविद्यालय यांपैकी कशात बसते, हे लेखापरीक्षकांकडून लेखी घ्यावे.

उपकरणांची गोष्ट वेगळी. सार्वजनिक संशोधन संस्थांना मिळणारा ५ टक्क्यांचा सवलतीचा दर जुलै २०२२ मध्ये काढून घेण्यात आला. प्रस्तावाला जुनी दरपत्रके जोडली असतील तर फरकाचा भार आपल्यावर येईल. दिलासा एवढाच की दरपत्रके न मागवता करता येणाऱ्या वैज्ञानिक खरेदीची मर्यादा जून २०२५ मध्ये १ लाखावरून २ लाखांवर नेली आहे.

प्रश्न : वर्तमानपत्रांत कधी ५० हजार कोटी, कधी १ लाख कोटी संशोधनासाठी जाहीर झाल्याचे वाचतो. मग विद्यापीठांच्या प्रयोगशाळा पैसे नाहीत म्हणून का रडतात? मी बँकेत आयुष्य काढले, मला हा हिशेब लागत नाही. (निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली)

उत्तर : आपण बँकेतले असल्याने हे चटकन लक्षात येईल, कारण या दोन आकड्यांतला एक मोठ्या अंशी अपेक्षित ठेव आहे आणि दुसरा मुख्यतः कर्जाचा आहे.

५० हजार कोटी हा आकडा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा. २०२३ च्या कायद्याने ते स्थापन झाले, फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा अमलात आला, आणि आधीचे ‘सर्ब’ म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यात विलीन झाले. पाच वर्षांच्या ५० हजार कोटींपैकी सरकारच्या तिजोरीतून यायचे ते १४ हजार कोटी; उरलेले ३६ हजार कोटी उद्योग, सार्वजनिक कंपन्या, देणगीदार यांच्याकडून येतील असे मूळ गणित होते. १ लाख कोटींच्या योजनेला मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली. ती खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे कर्ज किंवा भांडवल पुरवण्यासाठी आहे, आणि तीही प्रयोगशाळेच्या पायरीवरून पुढे सरकलेल्या तंत्रज्ञानासाठी. योजना चांगली असेलही. पण अमरावतीच्या रसायनशास्त्र विभागाला लागणारा द्रवरूप नायट्रोजन त्यातून येणार नाही.

एकूण चित्र असे की २०२०-२१ मध्ये आपला संशोधन-विकासावरचा सर्व मिळून खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. त्याच सुमारास चीनमध्ये हे प्रमाण २.४ टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरियात साडेचार टक्क्यांहून अधिक होते. त्या देशांत निम्म्याहून बराच अधिक भार उद्योग उचलतात, आपल्याकडे साधारण एकतृतीयांश. हा आकडा वाढावा असे सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. पण निधी कमी असण्यापेक्षा तो बेभरवशाचा असणे अधिक महाग पडते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरील आयात शुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर गेले. नऊ दिवसांनी, १ ऑगस्टला, प्रत्यक्ष वापरणाऱ्यांसाठी ते पुन्हा १० टक्के झाले. कागदावर काहीच घडले नाही. मधल्या दिवसांत मात्र ज्यांची मागणी नोंदवायची होती त्यांनी हात आखडला, पुरवठादारांनी दरपत्रके थांबवली, आणि एखादे वितंचक (एन्झाइम) संपत आले असेल तर ज्याचा प्रयोग त्यावर चालला होता त्याने तो थांबवला. थांबलेल्या प्रयोगाचे व्याज कोणत्याच खातेवहीत चढत नाही.

आपण पत्रात कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दलही विचारले आहे. नफ्यातील २ टक्क्यांचा हा निधी सार्वजनिक विद्यापीठांतील विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक संशोधनाला देण्याची वाट २०१९ मध्ये मोकळी झाली. त्या यादीत इतिहास नाही, भाषा नाही, समाजशास्त्र नाही. शिवाय कंपनीलाही वर्षाच्या आत दाखवता येईल असे काहीतरी हवे असते, म्हणून इमारत मिळते, यंत्र मिळते, यंत्रावर काम करणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार मिळत नाही.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत बॉस्टनजवळ जीवशास्त्रात पीएच.डी.च्या चौथ्या वर्षात आहे. तिकडे अनुदाने थांबल्याच्या बातम्या वाचून झोप लागत नाही. त्याने परत यावे का? (एक आई, नाशिक)

उत्तर : आपली काळजी निराधार नाही, पण बातम्यांतल्या दोन-तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या तर ती थोडी आवरेल.

अमेरिकेत प्रकल्पाच्या थेट खर्चावर वीज, इमारत, प्राण्यांची देखभाल, हिशेबखाते अशा गोष्टींसाठी विद्यापीठाला वेगळी टक्केवारी मिळते. मोठ्या संस्थांत ती ५० टक्क्यांहून अधिक असते. आपल्याकडे ती साधारण १० टक्क्यांच्या घरात असल्याने आपल्याला ती चैन वाटते, पण तिथल्या प्रयोगशाळा त्यावरच उभ्या आहेत. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, म्हणजे एनआयएचने, ती सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आणि न्यायालयाने ते रोखले. एप्रिल २०२५ मध्ये हार्वर्डचे २.२ अब्ज डॉलरचे अनुदान गोठवण्यात आले, आणि सप्टेंबरमध्ये संघराज्य न्यायालयाने ती कृती बेकायदा ठरवली. निकाल संस्थांच्या बाजूने लागला तरी मधल्या महिन्यांत नव्या विद्यार्थ्यांना दिलेले प्रवेश काही ठिकाणी मागे घेतले गेले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत तसे झाले. म्हणजे दाराशी उभ्या असलेल्यांना फटका आधी बसला. चिरंजीव चौथ्या वर्षात आहेत, आत आहेत.

त्यांनी आपल्या मार्गदर्शकांना तीन गोष्टी सरळ विचाराव्यात : माझे वेतन कोणत्या अनुदानातून येते, त्याची मुदत कधी संपते, आणि ते थांबले तर अध्यापन सहायक म्हणून विभाग मला किती सत्रे सांभाळेल. तिसऱ्याचे उत्तर ई-मेलवर घ्यावे. चौथ्या वर्षी परतणे हा तोट्याचा व्यवहार आहे. प्रबंधातले एखादे लांबणारे प्रकरण कमी करून लवकर पदवी घेता येईल का, याचा विचार मात्र त्यांनी अवश्य करावा. आपण फोनवर रोज बातमी विचारू नये, एवढे एक आगाऊपणे सुचवतो.

प्रश्न : मी निवृत्त संस्कृत शिक्षक आहे. संशोधनासाठी ५ लाख रुपये देण्याची इच्छा आहे. पण मित्र म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या न संपणाऱ्या प्रकल्पांत पैसा घालणे म्हणजे विहिरीत टाकणे. या काळात कोणाला आणि कसे द्यावे? (पुणे)

उत्तर : आपण पुण्याचे, त्यामुळे आपल्या मित्रांना उत्तर देण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही.

पेशवे विद्वानांना देत त्या दक्षिणेच्या निधीतला काही भाग वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तिच्याच परंपरेत पुढे डेक्कन कॉलेज आले. त्या दक्षिणेतूनच पुढे पदवीधरांना ‘दक्षिणा फेलो’ म्हणून वेतन मिळू लागले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. वर ज्या विद्यार्थिनीचे पत्र आहे तिच्या फेलोशिपचे कूळ हे. तेच डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ साली बंद केले. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, चिकाटीने लढले, आणि ऑगस्ट १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया तिथे आले ते त्यानंतर. दरवाजे पाच वर्षे बंद राहिले ते कायमचेच बंद राहिले असते, तर काय गेले असते याची कल्पना आपल्याला आहे.

भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि ती पुरी झाली १९६६ मध्ये. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यासाठी एक लाख रुपयांचे वचन दिले होते. मुख्य संपादक विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ साली वारले, मधे महायुद्ध झाले, फाळणी झाली, औंध संस्थान विलीन झाले. काम चालू राहिले. डेक्कन कॉलेजातला संस्कृत कोश १९४८ पासून चालू आहे, त्याचा पहिला भाग १९७६ साली निघाला, आणि इतके खंड निघूनही तो अजून ‘अ’ या अक्षरात आहे. यावर लोक हसतात. एकदा तिथल्या चिठ्ठ्यांच्या खोलीत जाऊन या. सुमारे दीड हजार ग्रंथांतून हाताने उतरवलेल्या जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तिथे कपाटांत लावून ठेवल्या आहेत. एक शब्द, तो कुठे आला आणि कसा आला, एवढे एका चिठ्ठीवर. त्या वाचू शकणारा संपादक निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली नाही, तर चिठ्ठ्या तशाच राहतात, खण उघडला जात नाही.

आता आपले ५ लाख. ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचे व्याज ३५,००० रुपये, म्हणजे एका जेआरएफचा एक महिनाही नाही. आपल्या नावाची फेलोशिप त्यातून निघणार नाही; वार्षिक पारितोषिक निघेल, पण पारितोषिके पुरेशी आहेत. माझी सूचना वेगळी आहे. ही रक्कम आपल्या पसंतीच्या संस्थेत उचल निधी म्हणून द्यावी. ज्या संशोधकाची मंजूर फेलोशिप लांबली आहे त्याला त्यातून दरमहा १०,००० रुपये मिळावेत आणि थकबाकी जमा झाली की त्याने ते परत करावेत. दहा मुलांचे पाच महिने ५ लाखांत निभतात, आणि रक्कम फिरत राहते. देणगीपत्रात चार गोष्टी मात्र लिहून घ्या : उचलीवर व्याज नसावे, अर्ज एका पानाचा असावा, निर्णय विभागप्रमुखांनी आठवड्याच्या आत द्यावा, आणि ३१ मार्चला शिल्लक असलेला पैसा खात्यातच राहावा.